हात, हिशेब आणि गप्प राहिलेली माणसं : रॉक आणि हेवी मेटल बँडांवरची पुस्तकं

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा व्याख्यानातलीच ठेवली आहे.)



आज आपण गाणी ऐकणार नाही आहोत, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर लिहिलेली पुस्तकं वाचणार आहोत. आम्ही काही वाचणारी मंडळी गेली काही वर्षं ही पुस्तकं एकमेकांकडून मागून, जुन्या बाजारातून घेऊन, कधी मोबाइलच्या पडद्यावर, अशी वाचत आलो. सगळी इंग्रजीतली. त्यातलं काय चांगलं, काय वाईट आणि आपल्याला त्यांचं काय करायचं, एवढंच आज मांडायचं आहे. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलंच नाही, त्यांनीही बसून राहावं. कारण बोलणं शेवटी कामगारांवर येणार आहे, पैशांवर येणार आहे, आणि घरातल्या पोरांवरही येणार आहे.

आधी दोन शब्द ओळखीचे. रॉक म्हणजे काय? इलेक्ट्रिक गिटार, जाड आवाजाची बास गिटार, ड्रम आणि एक गाणारा. इंग्लंड-अमेरिकेत १९६०च्या दशकात हा साचा पक्का झाला. हेवी मेटल ही त्याचीच पुढची पाती. आवाज जड, गिटारीचा तोच तो तुकडा हातोड्यासारखा पुन्हा पुन्हा येणारा, आणि विषय बरेचदा मरण, युद्ध, वेड, भीती असे. फेब्रुवारी १९७०मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरातल्या 'ब्लॅक सबाथ' या चौघांची पहिली तबकडी आली. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

या बँडांवर पुस्तकं अमाप आहेत. विमानतळापासून फुटपाथपर्यंत सगळीकडं मिळतात. त्यातली निम्मी एकसारखीच वाटतात. गरीब घर, पहिली गिटार, पहिली तबकडी, मग पैसा, दारू, नशा, भांडणं, कोणाचं तरी मरण, आणि शेवटी शहाणपण. आपल्याकडच्या संतचरित्रांना जसा एक साचा असतो ना, तसाच हा. फरक एवढाच की तिकडं चमत्कार असतात आणि इकडं हॉटेलच्या खोल्यांची मोडतोड.

मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? आम्ही वाचता वाचता तीन प्रश्न ठरवून घेतले. एक, या पुस्तकात हात दिसतो का? म्हणजे हे संगीत प्रत्यक्ष कसं घडलं, कोणत्या कामातून, कोणत्या कष्टातून, ते कळतं का? दोन, हिशेब दिसतो का? पैसा कोणाकडून कोणाकडं गेला, श्रेय कोणाला मिळालं? आणि तीन, या गोष्टीत गप्प कोण आहे? कोणाबद्दल लिहिलंय, पण त्याला बोलू दिलेलं नाही? या तीन प्रश्नांवर आता काही पुस्तकं घासून बघू.

पहिला प्रश्न, हात. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयॉमी. त्याचं आत्मचरित्र २०११मध्ये आलं, नाव 'आयर्न मॅन'. त्यातली सुरुवातीची काही पानं या सगळ्या साहित्यातली उत्तम पानं आहेत असं आमचं मत आहे. पोरगा १७ वर्षांचा. पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडून बँडबरोबर जायचं ठरलेलं. कामाचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला, परत जायचं मनात नव्हतं, पण आई म्हणाली की घेतलेलं काम पुरं करून ये. त्या दिवशी पत्रा कापणाऱ्या यंत्रावरचं माणूस आलं नव्हतं म्हणून याला तिथं उभं केलं. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयॉमी डावखुरा आहे, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. नेमका तोच हात गेला.

पुढं काय झालं ते तो फार साधेपणानं सांगतो. डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्यातल्या वरिष्ठानं घरी येऊन जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि तो मुख्यतः दोन बोटांवर गिटार वाजवायचा. मग आयॉमीनं भांडी घासायच्या साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचा तुकडा वितळवला, घासून घासून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या. पुढं १९७१च्या तबकडीपासून तारा बऱ्याच सैल सोडून वाजवायला लागला. आता, तुणतुणं किंवा तंबोरा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. खुंटी पिळली की तार ताणते, स्वर चढतो. सैल सोडली की स्वर उतरतो. तारा सैल झाल्या, बोटांना त्रास कमी झाला, आणि आवाज खोल, जड झाला. पुढं जगभरच्या मेटल बँडांनी तोच उतरलेला आवाज उचलला.

हे झालं चांगलं लिहिणं. यात वस्तू आहे, कारागिरी आहे, कारण आणि परिणाम आहे. पण आता बघा, नंतरची पुस्तकं या गोष्टीचं काय करतात. पत्रकारांच्या पुस्तकांत ही दंतकथा होऊन बसते. बोट तुटलं आणि हेवी मेटल जन्माला आलं! जणू यंत्रानंच वरदान दिलं. ही मांडणी आम्हाला मान्य नाही, आणि धावड्यात उभं राहून तर ती मुळीच मान्य करता येत नाही.

कारण आपल्याकडं बोटं गेलेली माणसं काय कमी आहेत? कडबाकुट्टीत हात गेलेले आहेत, मळणीयंत्रात गेलेले आहेत. जालना तर लोखंडी सळयांचं गाव. तिथल्या रोलिंग मिलमध्ये तापलेलं लोखंड हाताळणारे कामगार आहेत, त्यात परराज्यातले कितीतरी. त्यांच्यातल्या कोणाचं बोट गेलं म्हणून कुठलं संगीत जन्माला आलं? यंत्रानं आयॉमीला काही दिलं नाही, त्याच्याकडून घेतलं. त्यानं जे केलं ते यंत्राच्या विरोधात केलं, आणि त्याला ते करता आलं कारण बरं व्हायला वेळ होता, घरी आधार होता, वाद्य होतं, आणि तबकडी घेऊन येणारा एक माणूस होता. अपघाताची दंतकथा केली की कारखाना गोष्टीतून पसार होतो. ज्या ज्या पुस्तकात असं होतं, तिथं आम्ही पेन्सिलीनं फुली मारतो.

त्याच बँडचा गायक ऑझी ऑझबर्न. त्याचं आत्मचरित्र 'आय ॲम ऑझी' २००९चं. शब्दांकन ख्रिस एअर्स या पत्रकाराचं. 'शब्दांकन' हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. मराठीतली कितीतरी आत्मचरित्रं तशीच झाली. फक्त आपण तो शब्द उघड छापतो, आणि रॉकच्या पुस्तकांत तो माणूस बारीक अक्षरांत असतो. ऑझीचं पुस्तक हसवतं, पोट धरून हसवतं. पण त्यातही हात आहे. वडील कारखान्यात रात्रपाळीला, आई लुकास नावाच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. हाही तिथंच लागला, काम काय तर मोटारीचे हॉर्न तपासायचे. दिवसभर बंद खोलीत हॉर्न वाजवत बसायचं! मग कत्तलखाना. मग चोरीसाठी तुरुंग. अशा आयुष्यातून आलेल्या माणसाला फुलांची गाणी सुचली नाहीत, यात नवल काय?

या पुस्तकाचा दोषही सांगायला पाहिजे. ऑझी सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझ्या आठवणींवर फार भरवसा ठेवू नका. प्रामाणिक वाटतं. पण ही एक सोयही आहे. विनोद जिथं जास्त दाट होतो तिथं थांबून विचारावं की इथं दुसऱ्या कोणाला लागलं होतं का. बायकोवर केलेला हल्ला आणि मद्यधुंद दुर्लक्ष हेही तो सांगतो, लपवत नाही. पण पुढच्या पानावर पुन्हा विनोद सुरू होतो आणि वाचणारा सुटतो. वाचणाऱ्याला इतक्या लवकर सोडणं बरं नाही. ऑझी २२ जुलै २०२५ला गेला. त्याआधी १७ दिवस, ५ जुलैला, त्यानं ज्या ॲस्टन भागात लहानपण काढलं तिथल्याच मैदानात शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर सगळीकडं कौतुकाचे लेख आले, ते योग्यच होतं. आता मात्र त्याचं पुस्तक पुन्हा शांतपणे वाचायची वेळ आली आहे.

आता दुसरा प्रश्न, हिशेब. स्टीफन डेव्हिस यांचं 'हॅमर ऑफ द गॉड्स' हे 'लेड झेपेलिन' या बँडवरचं १९८५चं पुस्तक. खूप खपलं. या प्रकारच्या पुस्तकांचा साचाच त्यानं घडवला. बराचसा मसाला बँडच्या दौऱ्यांचा व्यवस्थापक रिचर्ड कोल याच्याकडून आलेला, आणि बँडवाल्यांना पुस्तक आवडलं नाही. आम्हाला त्याची तक्रार वेगळी आहे. त्यात दौरे आहेत, खोल्या आहेत, गोंधळ आहे. पण गाणं कशानं उभं राहतं ते फारसं कळत नाही.

इथं आपल्या मराठीची आठवण होते. आपल्याकडंही उस्तादांच्या आख्यायिका ढिगानं आहेत. कोणी पडद्याआड लपून विद्या चोरली, कोणी गुरूच्या घरी पाणी भरलं. पण वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ला आलं, त्यात त्यांनी प्रश्नच बदलला. हे घराणं स्वराकडं किती झुकतं आणि लयीकडं किती, हे त्यांनी विचारलं. बी. आर. देवधरांनी 'थोर संगीतकार'मध्ये माणसं रंगवली, आठवणी सांगितल्या, पण गाणं कधी नजरेआड होऊ दिलं नाही. ही आपल्या भाषेतली मापं आहेत, मंडळी. ती लावली तर रॉकवरची बरीच खपाऊ पुस्तकं हलकी भरतात. इंग्रजीत छापलं म्हणून वजन वाढत नाही.

आणि झेपेलिनचा खरा हिशेब कुठं आहे? तो अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायकांकडं आहे. विली डिक्सन हे शिकागोचे मोठे गीतकार. झेपेलिनच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात त्यांच्या गाण्याचा भाग आला होता, नाव मात्र नव्हतं. १९८५मध्ये डिक्सननी दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं, आणि पुढं श्रेयात त्यांचं नाव आलं. डिक्सन यांचं आत्मचरित्र 'आय ॲम द ब्लूज' १९८९चं आहे. आमचा सल्ला असा की झेपेलिनवरचं कुठलंही पुस्तक वाचायचं असेल तर त्याच्या शेजारी डिक्सन ठेवा. एका पुस्तकात जे 'प्रभाव' म्हणून येतं, ते दुसऱ्यात 'येणं बाकी' म्हणून येतं.

आणि आपण फार हसायचं कारण नाही. आपल्या लोकगीतांच्या कॅसेटच्या वेष्टनांवर 'गीत : पारंपरिक' असं किती वेळा छापलेलं असायचं? काही गाणी खरंच परंपरेतली होती. पण कितीतरी वेळा त्या 'पारंपरिक'च्या मागं एखादा जिवंत शाहीर, एखादी ओव्या सांगणारी बाई होती. तिच्याकडून गाणं घेतलं, आणि नाव घ्यायचं राहून गेलं.

याच झेपेलिनचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९७२मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत आपल्याच दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. गाण्यांच्या नावांपुढं शब्द कोणते, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. म्हणजे वाजवणारी माणसं आणि श्रेय शहराला! जगप्रसिद्ध वादकांची नावं आम्हाला तोंडपाठ, आणि आपल्याच मुंबईत त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांना एक सामूहिक पाटी. झेपेलिनवरच्या पुस्तकांत हा प्रसंग गंमत म्हणून येतो. आपल्यासाठी ते एक अख्खं पुस्तक असायला हवं होतं.

तसंच पाचगणीचं. 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, पारशी कुटुंबातला, १९४६मध्ये झांझिबारला जन्मलेला. त्याचं शिक्षण कुठं झालं? सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथं तो पियानो शिकला, तिथंच शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड झाला. चरित्रकारांनी हे लिहिलंय, लेस्ली-ॲन जोन्स यांनी बरंच लिहिलंय. पण बहुतेक पुस्तकांत पाचगणी म्हणजे खऱ्या गोष्टीआधीचं धुकं असतं. डोंगर, बोर्डिंग, लाजाळू पोरगा, आणि चला लंडनला. माणसाची आठ ते सोळा ही वर्षं म्हणजे काय प्रस्तावना असते का हो? एखाद्या तमासगिराच्या चरित्रात त्याच्या उमेदवारीची वर्षं दोन पानांत उरकली, तर आपण ते चरित्र मानू का?

आपल्या देशातल्या रॉकवर लिहिलेलं एक पुस्तक मात्र जरूर वाचावं. सिद्धार्थ भाटिया यांचं 'इंडिया सायकेडेलिक', २०१४चं. १९६० आणि ७०च्या दशकात मुंबई, कोलकाता अशा शहरांत गिटारी हातात घेतलेल्या पोरांची ती गोष्ट आहे. चांगल्या गिटारी मिळायच्या नाहीत, तबकड्या दुर्मीळ, परदेशी चलनाची टंचाई. त्यातून या मुलांनी वाट काढली. भाटियांनी ही माणसं शोधली, नावं नोंदवली, हे मोठं काम आहे. हिशेबाचाही एक धागा त्यात सापडतो. त्या काळातली गाजलेली बँडस्पर्धा 'सिमला बीट', तिच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या निघाल्या, आणि सिमला हे सिगारेटचं नाव! बंडखोरीचं संगीत आणि पैसा तंबाखूचा. ही पोरं बहुतेक मोठ्या शहरांतली, इंग्रजी शाळांतली. पुस्तकही त्यांच्याच जगात राहतं. तो त्या पुस्तकाचा गुन्हा नाही, पण ती त्याची हद्द आहे. हद्दीपलीकडचं कोणीतरी लिहायला हवं.

तिसरा प्रश्न, गप्प कोण? 'मॉटली क्रू' या अमेरिकी बँडचं 'द डर्ट' २००१मध्ये आलं. शब्दांकन नील स्ट्रॉस. रचना म्हणून पुस्तक हुशार आहे. चौघे आळीपाळीनं बोलतात आणि एकमेकांना खोटं पाडतात. एकाच घटनेच्या चार साक्षी. गायक व्हिन्स नील १९८४मध्ये दारू पिऊन गाडी चालवत होता, त्या अपघातात 'हनॉय रॉक्स' या बँडचा ड्रमवादक रॅझल गेला. ती पानं वाचवत नाहीत. पण चार साक्षी झाल्या म्हणून खटला पुरा झाला असं नाही. या पुस्तकात बायकांशी जे वागणं आहे ते किळसवाणं आहे, काही ठिकाणी सरळ गुन्हा आहे, आणि त्यातल्या बायका जवळपास कुठंही बोलत नाहीत. अशा पुस्तकाला 'बेधडक' म्हणायची पद्धत आहे. ज्याला कोणी जाब विचारत नाही, त्याच्या बोलण्यात कसली आली बेधडकी?

म्हणून त्याच्या शेजारी दुसरी पुस्तकं ठेवावी. पामेला डेस बार्स यांचं 'आय ॲम विथ द बँड', १९८७चं. बँडांबरोबर फिरणाऱ्या मुलींकडं पत्रकारांनी तुच्छतेनं पाहिलं. त्यांच्यातल्याच एकीनं स्वतः लिहिलं तेव्हा तिच्याकडं डोळे होते, कान होते, चांगलं-वाईट गाणं कळत होतं, हे उघड झालं. कॅनडातल्या लेना डॉज यांचं पुस्तक आहे, तिनं काळी बाई म्हणून मेटलच्या गर्दीत उभं राहण्याचा अनुभव लिहिला. त्याचं नावच एक प्रश्न आहे. तू इथं काय करतेस, असा. गोऱ्यांनी विचारला आणि तिच्या आपल्या माणसांनीही विचारला. आपल्या गावात जिनं वेगळं काही ऐकलं, वाचलं, अंगात घातलं, त्या प्रत्येक पोरीला हा प्रश्न ऐकून माहीत आहे.

आणि आता आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं पुस्तक. 'जुडास प्रीस्ट' या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड, त्याचं 'कन्फेस', २०२०चं. हाही त्याच भागातला, वॉल्सॉल गावचा. शाळेच्या वाटेवर ओतशाळा, तिचा धूर आणि वास छातीत भरून घेत शाळेत जायचं, हे त्यानं असं लिहिलंय की पुढं त्या बँडचा आवाज कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण पुस्तकाचा गाभा दुसराच आहे. हॅलफर्ड समलिंगी आहे. मेटलच्या मर्दानी जगात त्यानं ते कितीतरी वर्षं दडवलं. बँडला माहीत, बाहेर सांगायचं नाही. १९९८मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत बोलून गेला. त्यानं घातलेले काळ्या चामड्याचे, खिळे मारलेले कपडे जगभरच्या पोरांनी मर्दपणाची खूण म्हणून घातले, आणि घालणारा मूळ माणूस आतून घुसमटत होता. इथं जो गप्प होता तोच बोलतोय. म्हणून हे पुस्तक आमच्या तिन्ही प्रश्नांना उतरतं.

त्यातलं एक प्रकरण आपण सगळ्यांनी नीट ऐकावं असं आहे. डिसेंबर १९८५मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दोन तरुणांनी दारू पिऊन, जुडास प्रीस्टची तबकडी ऐकत बसून, नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक तिथंच गेला, दुसरा जबर जखमी होऊन जगला आणि तीनेक वर्षांनी गेला. घरच्यांनी दावा लावला की गाण्यात लपवलेल्या आज्ञेनं पोरं मेली. १९९०मध्ये खटला चालला. हॅलफर्डनं न्यायालयात गाऊन दाखवलं. न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

हॅलफर्ड त्या आईबापांची टिंगल करत नाही, हे महत्त्वाचं. पोर गेल्यावर माणूस कारण शोधणारच. पण त्या पोरांचं जगणं कसं होतं, घरातली मारहाण, नशा, हाताला काम नाही, हे सगळं बाजूला राहिलं आणि खटला भरला गेला तो गाण्यावर. आपण मराठवाड्यातली माणसं आहोत. आपल्याकडं कोणी जीव दिला की गावात काय बोललं जातं? दारू होती, मोबाइल होता, डोकं फिरलं होतं. कर्ज, पडलेला भाव, पोरीचं लग्न, दवाखाना ही कारणं चावडीवर हळूच मागं पडतात. एका वस्तूकडं बोट दाखवणं सोपं असतं. काळा टी-शर्ट घालून कानात मोठ्या आवाजात काही ऐकणारा पोरगा घरात असेल तर गाण्याला घाबरू नका. त्याच्याजवळ बसा. काय ऐकतोस, त्यात तुला काय आवडतं, एवढं विचारा. गाण्यावर चालवलेल्या खटल्यापेक्षा ते अर्धा तास बसणं जास्त कामाचं आहे.

अभ्यासकांची पुस्तकंही आहेत. डीना वाइनस्टीन यांचं १९९१चं समाजशास्त्रीय पुस्तक, रॉबर्ट वॉल्सर यांचं १९९३चं 'रनिंग विथ द डेव्हिल'. वॉल्सर संगीताचे अभ्यासक आहेत. मेटलच्या गिटारवादकांनी बाख, विवाल्डी यांच्याकडून काय घेतलं, ते स्वरलिपी मांडून दाखवतात. 'घरंदाज गायकी' आवडलेल्या वाचकानं वॉल्सरपासून सुरुवात करावी. भाषा जड आहे, पण गोंगाट म्हणून ज्याला हिणवलं त्यात शिस्त किती आहे ते कळतं.

शेवटी एक छोटं पुस्तक, खास धावड्यासाठी. चक क्लोस्टरमन यांचं 'फार्गो रॉक सिटी', २००१चं. हा शेतकऱ्याचा पोरगा, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका बारक्या गावचा. आजूबाजूला शेतं, बर्फ आणि काही नाही. १९८३मध्ये भाऊ सैन्यातून सुट्टीवर येताना एक कॅसेट घेऊन आला आणि याचं आयुष्य बदललं. मोठा बँड त्याच्या गावात येणं शक्य नव्हतं. तरी त्यानं पुस्तक लिहिलं. कारण त्याचं म्हणणं असं की ऐकणाऱ्याचं आयुष्य हाही संगीताचा इतिहासच आहे. पुस्तकात फुशारकी आहे, काही मतं हट्टी आहेत. पण लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसलेल्यांनी ज्या संगीताला हलकं ठरवलं, ते गावातल्या पोराला का लागलं, हे त्याच्याइतकं सरळ कोणी सांगितलेलं नाही.

मग आपलं पुस्तक कुठंय? मराठवाड्यातल्या पोरांपर्यंत हे संगीत कसं आलं? होस्टेलवर कोणीतरी भरून आणलेली कॅसेट, मग मोबाइलच्या मेमरी कार्डावर पाच-दहा रुपयांत भरून घेतलेली गाणी, मग यूट्यूब. इंग्रजी शब्द कळत नसताना त्यांनी काय ऐकलं? त्याच कानानं वरातीतलं बँडपथक ऐकलं, गोंधळ्याचं संबळ ऐकलं, गणपतीतला ढोल ऐकला. जालन्याच्या मिलमध्ये रात्रपाळी करून आलेल्या पोराला तो जड आवाज कसा लागतो? हे बर्मिंगहॅमचा माणूस लिहिणार नाही, मुंबईचाही लिहिणार नाही. ते इथल्याच कोणीतरी लिहायचं आहे, आणि लिहिताना हात दाखवायचा आहे, हिशेब मांडायचा आहे, आणि जी गप्प आहेत त्यांना बोलू द्यायचं आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं काय करायचं?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. यातली दोन-तीन पुस्तकं तरी मराठीत यायला हवीत. आयॉमीचं आणि हॅलफर्डचं आधी. आणि अनुवाद करणाऱ्यानं पुणेरी गुळगुळीत भाषा वापरू नये. ही कारखान्यातली माणसं आहेत, त्यांना कारखान्याची मराठी द्यावी. तोपर्यंत अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचं 'सिंफनी' आहे, त्यातून पाश्चात्त्य संगीताचा नकाशा मराठीत कळतो. नकाशा हातात असला की पुढचं गाव शोधता येतं.

प्रश्न : हे संगीत आपलं नाही, मग त्यावर एवढा वेळ का घालवायचा?

उत्तर : हार्मोनियम तरी आपली कुठं होती? बाहेरून आली आणि भजनात बसली. एखादं संगीत आपलं आहे की नाही हे ते ऐकणाऱ्या माणसांवरून ठरतं, आणि ते ऐकणारी पोरं आत्ता या सभेत मागच्या रांगेत बसली आहेत. ती आपली आहेत ना? मग झालं तर.